आजीचा क्रेदो आणि इझनिकचं तळं

आजीला लॅटिनचा एक शब्द कळत नव्हता, पण क्रेदो, म्हणजे मतांगीकार, आपली श्रद्धा कबूल करायची प्रार्थना, तिला तोंडपाठ होता. तांदूळ पाखडताना सुपाच्या ठेक्यावर तो चालायचा. "क्रेदो इन उनुम देउम, पात्रेम ओम्निपोतेन्तेम..." मध्येच एखादी कोंबडी ओटीवर चढली की आजी थांबायची, कादोडीत, आमच्या वसईच्या बोलीत, ओरडून तिला हाकलायची आणि जिथे सोडला होता तिथूनच क्रेदो पुन्हा उचलायची. साठच्या दशकात, लोकांच्या भाषेत उपासनेला मुभा देणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, वसईच्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, मराठीत आली. आजी तेव्हा पस्तिशीची होती. लहानपणापासून आपण देवापुढे उभं राहून नेमकं काय कबूल करत आलो, हे तिला त्या वयात पहिल्यांदा कळलं. ती आम्हाला सांगायची, "मराठीत ऐकलं आणि मी रडले. इतकं चांगलं होतं ते, आणि मला माहीतच नव्हतं."

त्या क्रेदोला एक गाव आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. नायसिया. इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने तिथे बिशपांची सभा बोलावली. परंपरा त्यांची संख्या ३१८ सांगते. येशू हा देवाने निर्माण केलेला, म्हणजे पित्याहून खालच्या पायरीचा, असं अलेक्झांड्रियाचा एरियस शिकवत होता. सभेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा आहे असं लिहून ठेवलं. आज आम्ही रविवारी म्हणतो तो मतांगीकार ३८१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, सभेत वाढवलेला आहे, पण त्याचा पाया नायसियाचा. सभेला हजर असलेल्यांची एक यादी पुढच्या शतकातल्या एका इतिहासकाराने दिली आहे, तिच्यात 'सगळ्या पर्शियाचा आणि महान इंडियाचा' असा एक जॉन नावाचा बिशपही आहे. त्याचा इंडिया म्हणजे नेमका कुठला प्रदेश यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मात्र ते नाव वाचून उगाच आपलं कुणीतरी तिथे होतं असं वाटलं होतं.

नायसियाचं आजचं नाव इझनिक. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी ताई आणि मी चार दिवस इस्तंबूलला होतो. त्यातला एक दिवस आम्ही इझनिक आणि बुर्सा या एका दिवसाच्या सहलीला दिला. ख्रिस्ती धर्माचं एक मोठं गाव आणि उस्मानी सुलतानांची पहिली मोठी राजधानी, दोन्ही सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. एका दिवसात दोन गावं बघणं म्हणजे घाई होणार, हे दिसतच होतं. पण आजी गेल्यापासून मला तिथे एकदा उभं राहायचं होतं, आणि ताईने एका शब्दाने विरोध केला नाही.

मिनीबसमध्ये आम्ही अकरा जण होतो. गाईड चाळिशीची बाई, उन्हाने रापलेली, आवाज जरा घोगरा. इझमितची खाडी ओलांडणारा उस्मानगाझी पूल २०१६ मध्ये झाला, त्याआधी बोटीने किंवा खाडीला वळसा घालून जावं लागायचं आणि सगळा दिवस इझनिकमध्येच संपायचा, असं तिने सांगितलं. पुलाच्या दोन मनोऱ्यांमधला गाळाच दीड किलोमीटरचा आहे. तो उतरलं की रस्ता डोंगराकडे वळतो आणि जैतुनाची झाडं सुरू होतात. पानांची खालची बाजू रुपेरी असल्यामुळे वारा आला की आख्खी टेकडी रंग बदलते. मग अचानक डाव्या हाताला तळं. सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं, समुद्रच वाटावं असं.

गावात शिरण्याआधी कोट लागतो. इझनिकभोवती जवळपास पाच किलोमीटरची तटबंदी आजही उभी आहे, रोमन काळापासून वाढवत आणलेली. विटांचे पट्टे आणि दगडांचे पट्टे एकावर एक. पूर्वेच्या लेफके दरवाजापाशी आम्ही उतरलो. गाईड बोलत होती, पण माझं लक्ष भिंतीतल्या एका वर्तुळाकडे गेलं. संगमरवराचा पांढरा गोल, परातीएवढा. त्याच्या शेजारी आणखी एक, मग आणखी एक. जवळ गेल्यावर उमगलं की हे खांब आहेत. कुठल्यातरी जुन्या देवळाचे किंवा सभागृहाचे खांब आडवे निजवून भिंतीत चिणले आहेत आणि त्यांची टोकं बाहेर दिसताहेत. मी एकावर हात ठेवला. ऊन असूनही दगड गार होता आणि काठाला छिन्नीच्या बारीक रेघा बोटाला लागत होत्या. शत्रू दाराशी आला की माणूस हाताशी असेल तो दगड उचलतो. हा कोट १०९७ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे युरोपच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, सैन्याने वेढला होता. तेव्हा आत सेल्जुक तुर्क होते. तळ्याच्या बाजूने रसद आत येत राहिली, म्हणून शेवटी समुद्राकडून बोटी जमिनीवरून ओढत आणून तळ्यात सोडाव्या लागल्या. इतकं करूनही गाव क्रुसेडवाल्यांच्या हाती आलं नाही, ते बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाला शरण गेलं. पुढे १२०४ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्यावर ५७ वर्षं बायझंटाइन दरबारच इथे येऊन राहिला. आणि १३३१ मध्ये लांबलेल्या कोंडीनंतर ते ओरहानच्या, म्हणजे उस्मानी घराण्याचा मूळपुरुष उस्मान याच्या मुलाच्या ताब्यात गेलं.

मग तळ्याकाठी गेलो. या एका जागेसाठी मी आले होते.

सभा कॉन्स्टंटाइनच्या वाड्यात भरली असं तेव्हाच्या लेखनात आहे, पण तो वाडा आजवर सापडलेला नाही. जे सापडलं ते वेगळंच. २०१४ मध्ये हवाई छायाचित्रं पाहताना काठापासून अगदी जवळ, पाण्याखाली, एका चर्चचा आराखडा दिसला. लांबट सभागृह, पूर्वेला अर्धगोल. ३०३ च्या सुमारास मारल्या गेलेल्या संत निओफितोस नावाच्या एका तरुण हुतात्म्याच्या नावाने ते बांधलेलं असावं आणि ७४० च्या भूकंपात कोसळून तळ्यात गेलं असावं, असं संशोधक मानतात. तेराशे वर्षं मासेमारीच्या होड्या त्याच्या डोक्यावरून जात होत्या. आता तळ्याचं पाणी इतकं हटलंय की भिंतींच्या दगडी रेषा उघड्या पडल्या आहेत. दुष्काळ आणि शेतीसाठीचा उपसा, दोन्हींनी पाणी खाली नेलं, गाईड म्हणाली. तिच्या लहानपणी ती जिथे पोहायची तिथे आम्ही बूट घालून उभ्या होतो. चर्च वर आल्याचा आनंद मला मोकळेपणाने होईना, कारण ते वर येण्यासाठी तळं आटावं लागलं होतं.

ताईने डोक्यावरून ओढणी घेतली. मला वाटलं ऊन लागतंय. पण ती हलक्या आवाजात मतांगीकार म्हणायला लागली. मराठीतला, आपला रविवारचा. मीही तिच्या आवाजात आवाज मिळवला. आम्ही दोघी अगदी पुटपुटत होतो, तरी मध्ये एका ठिकाणी माझा आवाज फुटला आणि ताईने न थांबता माझं मनगट धरलं. संपल्यावर गाईड जवळ आली. ही कुठली भाषा, तिने विचारलं. मराठी, आम्ही सांगितलं. मग मी तिला आजीचं सांगितलं, सूप, लॅटिन, कादोडी, सगळं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "माझ्या पणजीला तुर्की येत नव्हतं." एवढंच बोलून ती बाकीच्यांना गोळा करायला गेली. पुढचं तिने दुपारी जेवताना सांगितलं.

(दोन महिन्यांनी, २८ नोव्हेंबरला, पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टॅन्टिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चचे वडीलधारे धर्मगुरू, बार्थोलोम्यू याच काठावर एकत्र प्रार्थनेला उभे राहिले. सभेला १७०० वर्षं झाली म्हणून. मी घरी मोबाइलवर बघत होते आणि त्यांच्यामागे दिसणाऱ्या दगडांच्या रेषा ओळखत होते.)

गावाच्या मध्यावर, दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदतात तिथे, अयासोफ्या आहे. इस्तंबूलची ती जगप्रसिद्ध वास्तू नव्हे, तिची ही लहान बहीण. रस्ता शतकानुशतकं भर पडून वर आला आणि ही खालीच राहिली, त्यामुळे आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात. बूट काढून, डोकं झाकून आम्ही उतरलो. जमिनीवर गालिचा, उजवीकडच्या कोपऱ्यात मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, मिहराब, वर लाकडी छप्पर. ओरहानने गाव घेतल्यावर या चर्चची मशीद केली. सोळाव्या शतकात उस्मानी दरबाराचा वास्तुकार मिमार सिनान याने तिची डागडुजी केली. नंतर ती पडझडीला लागली, छप्पर गेलं, भिंती उघड्या पडल्या, आणि आमच्या पिढीच्या आठवणीतही ती बिनछपराचीच होती. या शतकात तिच्यावर पुन्हा छप्पर चढलं आणि २०११ पासून ती पुन्हा मशीद आहे.

पण मी जिच्यासाठी थरारले ती गोष्ट गाईडने इथे सांगितली. ७८७ ची सभा या इमारतीत भरली होती. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी चित्रं आणि मूर्ती पूजण्यावर बंदी आणली होती. चर्चमधली चित्रं पुसली, खरवडली, लोकांनी घरातली लपवली. सम्राज्ञी आयरीनने ही बंदी उठवण्यासाठी आधी कॉन्स्टॅन्टिनोपलला सभा बोलावली, तर सैनिकांनी ती उधळून लावली. म्हणून पुढच्या वर्षी सभा इथे आणली. चित्राला दिलेला मान चित्रातल्या लाकडारंगाला नसतो, ज्याचं चित्र आहे त्याला पोहोचतो, असा निर्णय झाला.

आजीच्या खोलीत एका कोनाड्यात मारिया माऊलीची वीतभर मूर्ती होती. नाकाचा टवका उडालेली. रोज संध्याकाळी रोझरी म्हणून झाली की आजी त्या मूर्तीच्या पायांना दोन बोटं लावून ती स्वतःच्या ओठांना लावायची. त्या दोन बोटांना परवानगी इथे मिळाली होती. मी तळ्याकाठी आजीचे शब्द शोधायला आले होते, आणि इथे तिचा कोनाडा सापडला.

अर्धगोलात पाळकांना बसायच्या दगडी पायऱ्या अजून आहेत, एकावर एक, अर्धचंद्रासारख्या. दाराजवळ काचेखाली जुन्या फरशीचा रंगीत दगडांचा एक तुकडा ठेवला आहे. आणि डावीकडच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, एका कमानीखालच्या कोनाड्यात एक भित्तिचित्र उरलंय. मी खाली बसून पाहिलं. मध्ये ख्रिस्त, एका बाजूला माऊली, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान. चेहरे जवळजवळ गेलेत. गेरूचा लाल, थोडा पिवळा, डोक्यामागची वलयं, आणि माऊलीच्या वस्त्राची एक घडी, एवढं दिसतं. घडीची ती रेघ कुणी एका दमात ओढली असणार, कुठेही हात थांबलेला नाही. ज्या सभागृहात चित्रांना मान्यता मिळाली तिथे आता मला दिसलं ते एवढं एकच चित्र, आणि तेही गुडघ्यापाशी.

मी तशीच बसलेली असताना एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी भिंतीच्या कडेने नमाज पढला, उठताना माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला आणि गेले. मला दुःख झालं का? हो, झालं. हे चर्च होतं, मला ते चर्च असायला हवं होतं, हे मी लपवणार नाही. पण मी वसईची आहे. आमच्या किल्ल्यात चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि बहुतेकांवर छप्पर नाही. वेदीच्या जागी पिंपळ आलाय, ज्या फरशीवर लोक गुडघे टेकत त्या फरशीवर आता लग्नाआधीचं फोटोशूट चालतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज निघून गेले, आणि आम्ही, इथलेच लोक, राहिलो. आमची माणसं राहिली आणि छपरं गेली. इझनिकला छप्पर आहे, दिवा लागतो, रोज कुणीतरी झाडतं, कुणीतरी कपाळ टेकतं, पण ज्यांचं ते होतं त्यांच्यातलं गावात कुणी नाही. कुठलं बरं, हे मला ठरवता आलं नाही. पाऊस आत येत नव्हता, याचं बरं वाटलं एवढं मात्र खरं.

त्यांच्यातलं कुणी का नाही, ते जेवताना कळलं. छोट्या खानावळीत कोफ्ते, भाजलेल्या मिरच्या आणि ताक होतं. ताक म्हणजे अगदी आपलं ताक, फक्त जास्त घट्ट. गाईडने सांगितलं की तिची पणजी क्रीट बेटावरची. मुसलमान, पण घरात, बाजारात, भांडणात भाषा ग्रीक. १९२३ मध्ये तुर्कस्तान आणि ग्रीसने माणसांची अदलाबदल ठरवली. निकष एकच, धर्म. भाषा कुणी विचारली नाही. साधारण बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तुर्कस्तानातून गेले किंवा आधीच पळाले होते, साधारण चार लाख मुसलमान ग्रीसमधून इकडे आले. या लोकांना तुर्कीत 'मुबादिल' म्हणतात, बदलून आलेले. पणजी मरेपर्यंत नमाज अरबीत पढायची आणि मुलांना ग्रीकमध्ये रागवायची. "आणि तिच्या नव्या घराची चूल," गाईड म्हणाली, "तिच्याआधी जी बाई सोडून गेली तिने सारवलेली होती. पणजी तिचं नाव न कळताही तिच्यासाठी दुआ मागायची."

ताईने पानातला हात थांबवला. आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

जेवणानंतर आम्हाला मिळालेल्या वेळात मी गाईडला कोइमेसिस (म्हणजे मारिया माऊलीचं निधन) या नावाच्या जुन्या चर्चची जागा दाखवायला लावली. ती सहलीच्या यादीत नव्हती, आणि तिथे पाहण्यासारखं काही नाही असं तिने आधीच सांगितलं. खरंच नाही. कुंपण, गवत, पायाचे दगड. १९२२ च्या युद्धात ते उद्ध्वस्त झालं. त्याच्या दहा वर्षं आधी काढलेली छायाचित्रं मात्र वाचली. त्यांच्यात वेदीवरच्या अर्धगोलात सोनेरी पार्श्वभूमीवर बाळाला घेतलेली माऊली दिसते, आणि तिच्याभोवती मोझेकमध्ये एक सांधा दिसतो. आधी तिथे माऊली होती. बंदीच्या काळात ती काढून क्रूस बसवला. बंदी उठल्यावर क्रूस काढून पुन्हा माऊली बसवली. काचेचे बारीक तुकडे बसवणाऱ्याला जुन्या सोन्याशी नवं सोनं पूर्ण जुळवता आलं नाही, म्हणून क्रुसाची पुसट कड राहून गेली. ते भांडण आणि समेट अकराशे वर्षं एका भिंतीवर होतं, आणि ती भिंत आता नाही. अयासोफ्या वाचलं ते वापरात आलं म्हणून, असं मला तिथे गवतात उभं असताना वाटलं.

इझनिकबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक निलुफर हातूनची इमारेत. शब्द आपल्या इमारतीचाच, पण तुर्कीत तो गरिबांना फुकट जेवण देणाऱ्या अन्नछत्रासाठी वापरतात. सुलतान मुराद पहिला याने १३८८ मध्ये आईच्या नावाने ती बांधली, आणि परंपरा सांगते की ओरहानची ही बायको जन्माने ख्रिस्ती, ग्रीक होती. जगभर फिरलेला प्रवासी इब्न बतूता ओरहानच्या विजयानंतर लवकरच इथे आला होता. गाव मोडकळीला आलंय, सुलतानाचे थोडे लोक सोडले तर ओस पडलंय, आणि इथली व्यवस्था सुलतानाची एक धर्मपरायण, चांगली बायको पाहते, असं तो लिहितो. काही अभ्यासक तिला निलुफर मानतात. घोडा आजारी पडला म्हणून तो इथे ४० दिवस अडकला होता. पुढे हाच माणूस आपल्या दौलताबादला आला आणि मराठ्यांबद्दलही लिहून गेला.

दुसरी गोष्ट फरश्या. सोळाव्या शतकात इस्तंबूलच्या मशिदी ज्या निळ्या-लाल फरश्यांनी मढवल्या त्या इथल्या भट्ट्यांतल्या. एका लहान कारखान्यात एक मुलगी खिडकीशी बसून काम करत होती. फरशी मातीची कमी आणि गारगोटीच्या पुडीची जास्त, म्हणून रंग आतून उजळल्यासारखा दिसतो. कोळशाच्या पुडीने उठवलेल्या ठिपक्यांवरून ती काळ्या रेषेत ट्यूलिप काढत होती. श्वास रोखून एक पाकळी, मग श्वास. लाल रंग लोहाच्या मातीचा, तो जाड लावावा लागतो. भाजलेल्या फरशीवरून तिने माझं बोट फिरवून दाखवलं. निळ्यावरून बोट सरळ गेलं आणि लालवर ते चढलं. डोळे मिटूनही सांगता येईल की हा लाल. सतराव्या शतकात दरबाराची मागणी आटली, भट्ट्या विझल्या आणि ही विद्या लोपली. गेल्या काही दशकांत ती प्रयोग करून करून पुन्हा उभी केली आहे. मी एक लहान फरशी घेतली, त्या उंचवट्यासाठी.

बुर्साला पोहोचेपर्यंत चार वाजून गेले होते. उलुदा पर्वताच्या पायथ्याशी पसरलेलं मोठं, गजबजलेलं शहर. १३२६ मध्ये ओरहानने ते घेतलं आणि राजधानी केली. ऊलू जामी ही तिथली मोठी मशीद, चौदाव्या शतकाच्या अखेरीस बायझिद पहिल्याने बांधलेली, वर वीस घुमट. युरोपच्या फौजांशी निकोपोलिसला होणारी लढाई जिंकली तर वीस मशिदी बांधीन असा त्याने नवस केला आणि शेवटी वीस घुमटांची एक बांधली, अशी कथा सांगतात. आत, प्रार्थनागृहाच्या मध्यभागी, पाण्याचं कारंजं आहे. तिथे घर असलेली एक म्हातारी जागा द्यायला तयार नव्हती, म्हणून बळजबरीने मिळालेल्या त्या तुकड्यावर नमाज न पढता तिथे पाणी सोडलं, अशीही कथा आहे. घडलं असेल नसेल, पण लोकांनी ती जपली हे मला मोठं वाटलं. पाण्याचा तो आवाज त्या एवढ्या मोठ्या दगडी जागेला मऊ करून टाकतो.

कोझा हानमध्ये चहा प्यायलो. 'कोझा' म्हणजे रेशमाचा कोष. १४९१ ची ही सराई, मध्ये चौक, चौकात झाडं, खांबांवर उचललेली एक चिमुकली मशीद. इथे आसपासच्या गावांतले कोष पोत्यांनी विकायला यायचे. आता रेशमी रुमालांची दुकानं आहेत. ताईने घासाघीस करून तीन घेतले. जुमालिकिझिक नावाचं जुन्या लाकडी घरांचं खेडं यादीत होतं, पण सकाळची वाहतूक आणि माझा कोइमेसिसचा हट्ट यामुळे ते राहिलं. त्याचं मला वाईट वाटतं, इतरांसाठी जास्त.

शेवटी तोपहाने. हा आपला तोफखानाच. शहरावरच्या या टेकडीवर उस्मान आणि ओरहान, बाप-लेक, पुरलेले आहेत. म्हाताऱ्या उस्मानने वेढ्याच्या वेळी दुरून एक घुमट चमकताना पाहिला आणि बुर्सा घेतलंत की मला त्या रुपेरी घुमटाखाली ठेवा असं मुलाला सांगितलं, अशी परंपरा. तो घुमट चर्चचा होता. ओरहानने बापाला तिथे पुरलं. पुढे तो स्वतःही शेजारी पुरला गेला. १८५५ च्या भूकंपात जुन्या वास्तू पडल्या, आजच्या कबरी त्यानंतर काही वर्षांनी सुलतान अब्दुलअझीझने पुन्हा बांधलेल्या आहेत.

ओरहानच्या कबरीत शिरलो तेव्हा बाहेर ऊन कलतं झालं होतं. मध्ये हिरव्या मखमलीने झाकलेली मोठी शवपेटी, भोवती कठडा. सगळ्यांच्या नजरा तिथे. माझी खाली गेली. पेटीच्या आजूबाजूला फरशीत रंगीत दगडांची नक्षी होती. वर्तुळं, पाकळ्या, लालसर, काळपट, पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्या. मधूनमधून तुकडे गेलेले. ही त्या चर्चची फरशी आहे, गाईड म्हणाली. वरचं सगळं दोनदा बदललं आणि तळ तोच राहिला. उस्मानी राज्य ज्याने खरं उभं केलं तो एका चर्चच्या जमिनीवर निजला आहे, आणि त्याच्या पायाशी एक तुर्की आजी हात पसरून उभी होती. तिचे ओठ हलत होते. अरबी असणार. त्यातलं तिला किती कळत होतं कोण जाणे, पण तिचे डोळे ओले होते. जाताना तिने कठड्याला दोन बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली.

मी ताईकडे पाहिलं. तिनेही ते पाहिलं होतं.

परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळे झोपले. ताईने बुर्साहून घेतलेल्या पाकातल्या चेस्टनटचा डबा उघडला आणि मला एक दिला. पूल आला, खाली काळं पाणी आणि जहाजांचे दिवे. मला वाटलं ती पण झोपेल. पण तिने विचारलं, "मेणवलीची घंटा आठवते तुला?"

आठवत होती. वाईजवळ, कृष्णेच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे. वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा निघून मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या, त्यातली ती एक. मी सहा-सात वर्षांची होते. बाबा आम्हाला मुद्दाम ती दाखवायला घेऊन गेले होते. घाटावरच्या पुजारीबुवांनी विचारलं कुठून आलात, बाबा म्हणाले वसईहून. पुजारीबुवा हसले, म्हणाले, मग पोरींना वाजवू द्या. माझा हात पुरत नव्हता. बाबांनी मला उचललं आणि मी लोळीला दोन्ही हातांनी धक्का दिला. घाटाच्या पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं, आणि आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला.

"घरी आल्यावर तू आजीला काय सांगितलंस, ते आठवतं?" ताई म्हणाली.

ते मला आठवत नव्हतं.

"म्हणालीस, आजी, आपली घंटा अजून वाजते. आजी म्हणाली, कोण वाजवतं? तू म्हणालीस, भटजी. आणि आजीने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, रोज?"